कुफुंगिसिसा : झिम्बाब्वेतील मानसिक आरोग्यसेवा आणि भाषा

मानसिक आरोग्यसेवा उभारायची म्हटले की डोळ्यांपुढे इस्पितळ, खाटा व तज्ज्ञ डॉक्टर येतात. विकसनशील देशांत तिन्हींची वानवा. झिम्बाब्वेने यातून काढलेला मार्ग आम्हां भाषेच्या अध्यापकांना विशेष जवळचा वाटावा, कारण त्याची सुरुवात शब्दापासून होते.

शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे अतिविचार करणे. रुग्ण दवाखान्यात येतो तो ‘नैराश्य’ ही संज्ञा घेऊन नव्हे, हा शब्द घेऊन. १९९० च्या दशकात हरारेत डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या अशाच बोलीतून १४ प्रश्नांची ‘शोना लक्षण प्रश्नावली’ तयार केली. (१९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ संस्था स्थापन करणाऱ्यांपैकी एक तेच.)

२००५ मध्ये तेथील सरकारने शहरांतील झोपड्या व टपऱ्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे ७ लाख लोकांचे घर किंवा रोजगार गेला. त्यानंतर डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या म्बारे वस्तीत काम हाती घेतले, तेव्हा ना खोली मिळाली ना परिचारिका. मिळाल्या १४ आज्या, वस्तीतल्याच आरोग्यसेविका. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकडे मांडले. ‘मानसिक आरोग्याचे बाकडे’ म्हटल्यावर कोणी बसेना. तेव्हा आज्यांच्या सूचनेवरून नाव बदलले : ‘चिगारो चेकुपानामाझानो’, म्हणजे सल्लामसलतीचे आसन. परिभाषा कोशात बसून घडत नाही, ती अशी घडते!

बाकड्यावर काय होते? प्रथम ‘कुव्हुरा फुंग्वा’, मन उघडणे. माणूस आपल्या अडचणी सांगतो, त्यांतली एकच निवडतो व तिच्यावरचा झेपेल असा उपाय स्वतःच ठरवतो. आजी उपाय लादत नाही. पुढे ‘कुसिमुद्झिरा’ (उभारी देणे) आणि ‘कुसिंबिसा’ (बळ देणे). अशा सहा बैठका; नंतर जुन्या रुग्णांचा गट, जेथे गप्पांसोबत प्लास्टिकच्या पिशव्या विणल्या जातात.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ दवाखाने व ५७३ रुग्ण होते. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणे बाकड्यावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ५० टक्क्यांत आढळली. गोव्यातील ‘मानस’ प्रयोगात (२०१०) प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांचा उपयोग सरकारी केंद्रांत दिसला, खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे एकच साचा सर्वत्र चालत नाही.

आपले विद्यार्थीही ‘जीव घाबरतो’, ‘दिल घबराता है’, ‘डोक्याला ताप झालाय’ असेच बोलतात. महाविद्यालयात ‘मानसोपचार समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावण्यापूर्वी त्यांचे हे शब्द वर्गनिहाय टिपून घ्यावेत. आणि हेही लक्षात ठेवावे की आज्यांना प्रशिक्षण होते, पाठीशी देखरेख होती. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला त्या बाकड्यावर ठेवून घेत नसत, वरच्या तज्ज्ञांकडे पाठवत. ती वरची पायरी कोणती, तिथला डॉक्टर कोण, हे पाटी लावण्याआधीच ठरलेले हवे.