शटरला मोटर बसवताना

रोलिंग शटर म्हणजे पोलादी पट्ट्यांचा गुंडाळता येणारा पडदा. प्रत्येक पट्टीची कड शेजारच्या पट्टीत अडकवलेली असते, त्यामुळे हा पडदा वरच्या आडव्या शाफ्टभोवती गोल गुंडाळला जातो. दोन्ही बाजूंना तो गाइडच्या खोबणीतून सरकतो, खालच्या टोकाला जाड बॉटम पट्टी असते आणि वरची गुंडाळी पत्र्याच्या कव्हरने झाकलेली असते. दुकानाचा गाळा, बंगल्याचे गॅरेज, एमआयडीसीतले गोदाम, सगळीकडे हेच दार दिसते. रोज सकाळी वाकून ते वर ढकलणे आणि रात्री आकड्याने खाली ओढणे हे काम वय वाढले की कंबरेला आणि खांद्याला झेपत नाही. मोटर बसवण्याचा विचार बहुतेक ठिकाणी तिथूनच सुरू होतो.

हे दार किती जड असते याची कल्पना वापरणाऱ्याला सहसा नसते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत ८० मिलिमीटर रुंद आणि १.२५ मिलिमीटर जाड पट्टीचे शटर ठरलेले आहे. एवढ्या जाडीचा सपाट पत्रा चौरस मीटरला पावणेदहा किलोच्या आसपास भरतो. पट्टीचा बाक आणि कडांच्या वळ्या यांत जादा पत्रा खर्ची पडतो, म्हणून तयार शटर त्याहून जड असते. साधारण दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच शटरचे वजन अशा हिशोबाने सव्वाशे किलोच्या घरात जाते. तरीही एकटा माणूस ते उचलतो, कारण शाफ्टवर बसवलेल्या स्प्रिंगा वजनाचा मोठा भाग स्वतःवर घेतात. शटर खाली येते तशा त्या आवळल्या जातात आणि वर जाताना साठवलेली ती ताकद परत देतात. पडदा फार मोठा झाला की मात्र ही युक्ती अपुरी पडते. म्हणूनच त्याच विभागाच्या दरसूचीत १० चौरस मीटरपेक्षा मोठ्या शटरसाठी साखळी आणि गिअरची यंत्रणा वेगळी धरलेली आहे.

मोटरची जात ठरते ती याच स्प्रिंगांवरून, आणि मोटर बसवण्यापूर्वीची सर्वांत महत्त्वाची परीक्षाही स्प्रिंगांचीच असते. शटर हाताने अर्ध्यावर आणून सोडावे. ते जागच्या जागी थांबले, किंवा अगदी सावकाश थोडे सरकले, तर तोल ठीक आहे. धाडकन खाली आले तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा तुटली आहे. आपोआप वर पळाले तर ती जास्त आवळली आहे. ही परीक्षा करताना पडद्याखाली कोणी उभे राहू नये. पुढची पायरी म्हणजे शटर पूर्ण वरपासून पूर्ण खालपर्यंत सावकाश नेणे. ते कुठे अडते, कुठे एका बाजूला कलते, कुठे खरखरते, हे हाताला लगेच कळते. मोटरला यातले काही कळत नाही. माणूस अडथळा जाणवताच थांबतो, मोटर मात्र पूर्ण जोर लावून ओढत राहते आणि वाकलेली पट्टी फाडून टाकते. हाताने नीट न चालणाऱ्या शटरला मोटर बसवणे हा पैशांचा अपव्यय आहेच, शिवाय तो धोकाही आहे.

म्हणून आधी दुरुस्ती करावी. वाकलेल्या पट्ट्या बदलाव्यात. पट्टी बाजूला सरकू नये म्हणून तिच्या टोकांना असलेले एंड लॉक निसटले असतील तर पुन्हा बसवावेत. गाइड ओळंब्यात आहेत का ते तपासून त्यांतली माती, रंगाचे पापुद्रे आणि जुने घट्ट झालेले ग्रीस काढावे. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने गाइडचे तळ आणि बॉटम पट्टी आधी खाल्ली जाते. तिथे नवे भाग गॅल्व्हनाइज्ड घेणे शहाणपणाचे. स्प्रिंगला मात्र घरच्या माणसाने हात लावू नये. आवळलेली स्प्रिंग अचानक सुटली तर हाड मोडण्याइतका फटका बसतो. शटर पूर्ण वर असताना तिच्यावरचा ताण सर्वांत कमी असतो, पण तेव्हाही तो शून्य नसतो. हे काम शटर बनवणाऱ्या कारागिराचेच आहे.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारच्या मोटरी मिळतात. सेंट्रल मोटर शाफ्टच्या मधोमध, स्प्रिंगांच्या रांगेतच बसते. ती स्प्रिंगा ठेवूनच चालते. वजन स्प्रिंगा तोलतात आणि मोटर फक्त फरकाचा भार ओढते. जुन्या हाती शटरला हीच सर्वांत सोयीची, कारण बाजूच्या भिंतीत जागा लागत नाही आणि शाफ्ट बदलावा लागत नाही. तिच्यावर लिहिलेली वजनाची क्षमता तोल साधलेल्या शटरसाठी असते, हे मात्र विसरता कामा नये. स्प्रिंग तुटली की तीच मोटर अपुरी ठरते. दुसरी साइड मोटर. ती शाफ्टच्या एका टोकाशी ब्रॅकेटवर बसते आणि दातेरी चक्र व साखळीने शाफ्ट फिरवते. अशा शटरमध्ये सहसा स्प्रिंगा नसतात, म्हणजे सगळे वजन मोटर, साखळी आणि ब्रेक यांच्यावर असते. गोदामांची मोठी शटरे हिच्यावर चालतात. तिसरी ट्यूब्युलर मोटर पोकळ शाफ्टच्या आत बसते. ती हलक्या अॅल्युमिनियम शटरसाठी ठीक, जाड पोलादी पडद्याचे काम तिचे नव्हे.

निवड करताना शटरच्या वजनापेक्षा बरीच जास्त क्षमता घ्यावी. धूळ, गंज आणि जुन्या बेअरिंगमुळे प्रत्यक्ष भार कागदावरच्या हिशोबाहून वाढत जातो. किती वेळा उघडझाप होणार हेही पाहावे लागते. या मोटरी सतत चालण्यासाठी बनवलेल्या नसतात. लागोपाठ काही फेऱ्या झाल्या की आतले तापमान-संरक्षण मोटर बंद करते आणि ती थंड होईपर्यंत शटर हलत नाही. गॅरेजला याची अडचण येत नाही. वर्कशॉपमध्ये दिवसभर गाड्यांची ये-जा असेल, तर जास्त काम झेपणारी मोटर मुद्दाम मागून घ्यावी लागते.

सेंट्रल मोटर बसवताना शटर पूर्ण वर गुंडाळून दोरीने किंवा साखळीने पक्के बांधतात. मोटरचे बाहेरचे चक्र दोन अर्धुकांत उघडते. ते उघडून मोटर शाफ्टवर चढवतात, शाफ्ट बारीक असेल तर मध्ये अडॅप्टर घालतात. मग शाफ्टला भोक पाडून बोल्टने मोटर जखडतात. हा बोल्ट नसला तर पडद्याऐवजी मोटरच शाफ्टवर फिरू लागते आणि केबल पिळवटून तोडते. शेवटी वरची पट्टी मोटरच्या चक्राला बोल्टने जोडतात. केबल फिरत्या भागापासून दूर राहील अशी बांधणे ही बारीक वाटणारी गोष्ट आहे, पण पुढचे कितीतरी बिघाड तिच्यामुळे टळतात.

साइड मोटरचे काम लोहाराचे अधिक आहे. ब्रॅकेट भिंतीत किंवा लोखंडी खांबावर भक्कम हवा. नुसत्या विटांच्या भिंतीत साधे फास्टनर मारून ते टिकत नाही. मोटरचे आणि शाफ्टचे दातेरी चक्र एका रेषेत आले पाहिजे, नाहीतर साखळी उतरते. साखळी फार ताणलेली नसावी, फार लोंबतीही नसावी. स्प्रिंग नसलेल्या शटरची साखळी तुटली तर शंभर-दीडशे किलोचा पडदा थेट खाली येतो. त्यासाठी शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला स्वतंत्र सेफ्टी ब्रेक मिळतो. शाफ्ट प्रमाणाबाहेर वेगाने फिरू लागला की तो जागीच अडकतो. साइड मोटर घेताना हा ब्रेक टाळून पैसे वाचवू नयेत.

यानंतर लिमिट लावायचे. शटर वर कुठे थांबावे आणि खाली कुठे थांबावे हे लिमिट स्विच ठरवतो. पहिली चाचणी शटर अर्ध्यावर ठेवून घेतात, म्हणजे दिशा उलटी निघाली तरी थांबवायला वेळ मिळतो. वरची मर्यादा बॉटम पट्टी गाइडच्या तोंडाच्या थोडी खालीच राहील अशी ठेवावी. ती गुंडाळीत ओढली गेली तर शटर गाइडमधून निघते. खाली बॉटम पट्टी जमिनीला टेकताच थांबायला हवे. त्यापुढे मोटर चालली तर पट्ट्या एकमेकींवर चढून गुंडाळी सैल पडते.

विजेसाठी वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग लागते. लोखंडी दाराला सगळे हात लावतात, म्हणून गळती पकडणारा आरसीसीबी असावाच. स्विच आणि कंट्रोल पेटी पावसाचे पाणी साचते त्या पातळीच्या वर आणि लहान मुलांच्या हाताबाहेर बसवावी. घरगुती मोटरी २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालतात. मोठ्या मोटरींना थ्री फेज लागतो आणि तिथे एक खास धोका असतो. लाइनच्या दुरुस्तीनंतर फेजचा क्रम बदलला, तर मोटर उलटी फिरते. वरचे बटण दाबले की शटर खाली येते, आणि लिमिट चुकीच्या दिशेचे असल्याने ते थांबतही नाही. शेतातल्या पंपाचे स्टार्टर वापरणाऱ्याला फेजचे हे दुखणे चांगले ठाऊक असते. फेजचा क्रम तपासणारा रिले पॅनेलमध्ये बसवला की ते टळते.

जुनी कुलपे हा विषय बहुतेक जण विसरतात. बॉटम पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या कड्या किंवा मधले लॉक लावलेले असताना कोणी रिमोट दाबला, तर मोटर कुलपाविरुद्ध ओढते आणि पट्ट्या कागदासारख्या चुरगळतात. मोटर बसल्यावर ही कुलपे काढून टाकावीत, किंवा कुलूप लागले की मोटरची वीज तोडणारा स्विच त्यांना जोडावा. सेंट्रल मोटरचा स्वतःचा ब्रेक बंद पडदा बऱ्यापैकी धरून ठेवतो.

खाली येणाऱ्या पडद्याला मूल, कुत्रे किंवा मोटारसायकल दिसत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून साधारण अर्ध्या फुटावर, फोटोसेलची जोडी बसवली की मध्ये काही येताच शटर थांबते किंवा परत वर जाते. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या स्वयंचलित यंत्रांना अशी संरक्षक सोय कायद्यानेच आवश्यक आहे. तिथे मुले दाराखाली चिरडल्याच्या घटनांनंतर हा नियम आला. आपल्याकडे फोटोसेल बहुधा जादा वस्तू म्हणून वेगळ्या दराने विकला जातो आणि घासाघीस सुरू झाली की पहिल्यांदा तोच वगळला जातो. हे थांबले पाहिजे. फोटोसेल नसेल, तर बटण दाबून धरले तरच शटर खाली येईल अशी जोडणी करावी आणि दार दिसत नाही अशा जागेवरून रिमोट वापरू नये. रिमोट घेताना दर वेळी बदलणारा कोड पाठवणारा घ्यावा. एकच ठरीव कोड पाठवणाऱ्या रिमोटची नक्कल सहज करता येते.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न महाराष्ट्रात कोणालाच नवा नाही. साइड मोटरला हाताने ओढायची साखळी असते, पण ती आतल्या बाजूला. सेंट्रल मोटरला ब्रेक सोडणारी तार असते. ती ओढली की शटर पुन्हा हाताने उचलता येते. गॅरेजला किंवा दुकानाला दुसरे दार नसेल, तर ही तार बाहेर, किल्लीच्या छोट्या पेटीत आणून ठेवावी लागते. ते केले नाही, तर मालक बाहेर आणि किल्ल्या, गाडी, माल आत अशी वेळ येते. बॅटरीवर चालणाऱ्या डीसी मोटरीही मिळतात. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत त्या उपयोगी पडतात.

आत माणसे राहत किंवा झोपत असतील, तर प्रश्न सोयीच्या पलीकडे जातो. डिसेंबर २०१६ मध्ये पुण्याच्या कोंढव्यात एका बेकरीला रात्री आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मरण पावले; शटर बाहेरून बंद होते. आगीत वीज आधी जाते, आणि धुरात साखळी शोधून पडदा वर ओढणे जवळपास अशक्य असते. अशा जागेला बाजूचे दुसरे दार हवेच. ते शक्य नसेल तर शटरमध्येच आतून उघडणारे छोटे दार करून घ्यावे. दोन्ही जमत नसेल, तर तिथे मोटर बसवू नये आणि कोणाला झोपूही देऊ नये.

देखभाल थोडी आहे, पण ती चुकवता येत नाही. गाइड स्वच्छ ठेवणे, साखळीला वंगण देणे, बोल्ट घट्ट आहेत का पाहणे, फोटोसेलच्या काचेवरची धूळ पुसणे, हे महिन्या-दोन महिन्यांनी करावे. गाइडमध्ये घट्ट ग्रीस भरू नये. त्याला धूळ चिकटून पुन्हा खरखर सुरू होते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, ब्रेक सोडून शटर हाताने अर्ध्यावर थांबते का ते पाहावे. स्प्रिंग हळूहळू थकते, आणि मोटर ते बराच काळ झाकून ठेवते.

काम पूर्ण झाले असे सांगून कारागीर हत्यारे आवरू लागला, की त्याच्यासमोरच तीन गोष्टी करून पाहाव्यात. मेन स्विच बंद करून शटर आतून आणि बाहेरून उघडावे. खाली येणाऱ्या पडद्याच्या वाटेत लाकडी खोके ठेवावे. आणि शटर अर्ध्यावर असताना ते बटणाने थांबवावे. या तिन्ही गोष्टी नीट झाल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत.