नांवाची शाळा आणि गांवाची शाळा

थंडीच्या दिवसांतील एका सकाळीं वाशीम जिल्ह्यांतील कांहीं शाळांच्या फाटकांबाहेर आई-बापांची गर्दी जमते. कोणी रिसोडकडील खेड्यांतून मोटारसायकलवर आलेले असतात, कोणी मानोऱ्याकडील तांड्यावरून पहाटेची एस्. टी. धरून आलेले असतात. आंत त्यांचीं दहा-अकरा वर्षांचीं मुलें जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसलेलीं असतात. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. बुद्धिमत्तेचे ४०, अंकगणिताचे २० व भाषेचे २० प्रश्न सोडवून मूल बाहेर येतें, आणि त्याच्या हातांतला डबाही उघडलेला नसतो तोंच बाप विचारतो, "किती बरोबर आले?"

त्या बापाला दोष देण्याचें कारण नाहीं. गांवांतल्या शाळेहून ही नांवाजलेली शाळा आपल्या मुलाचें अधिक भलें करील, अशी त्याची श्रद्धा आहे. शहरांतील सुशिक्षित घरांतही हीच श्रद्धा आहे. तेथें फक्त शाळांचीं नांवें निराळीं. श्रोतेहो, ही श्रद्धा कितपत खरी आहे आणि तिची किंमत कोण देतो, याविषयीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें.

प्रथम नांवाजलेल्या शाळेकडे पाहूं. नवोदय विद्यालयांची योजना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या सुमारास आली. देशांतील पहिलीं दोन विद्यालयें निघालीं, त्यांतलें एक हरियाणांत झज्जर येथें व दुसरें आपल्या वऱ्हाडांत अमरावतीस. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला, आणि आज त्यालाही स्वतःचें नवोदय विद्यालय आहे. येथें सहावीपासून बारावीपर्यंतचीं मुलें वसतिगृहांत राहून शिकतात. शेंकडा ७५ जागा तरी ग्रामीण भागांतील मुलांसाठीं व एकतृतीयांश जागा मुलींसाठीं राखलेल्या असतात. राहणें, जेवण, गणवेश, पुस्तकें हा भार घरावर पडत नाहीं. ज्या घरांत अभ्यासाला वेगळी खोली तर सोडाच, वेगळा कोपराही नाहीं, अशा घरांतील मुलामुलींस या योजनेनें दार उघडून दिलें. हें काम मोलाचें आहे, आणि पुढें मी जें बोलणार आहें त्यानें त्याचें मोल कमी होत नाहीं.

परंतु त्या दाराची रुंदी मोजली पाहिजे. सहावींत एका विद्यालयांत दर वर्षीं अधिकांत अधिक ८० मुलें घेतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणें वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें १२ लाख होती. एका वयाचीं मुलें शेंकडा पावणेदोनच्या आसपास धरलीं, तरी पांचवीच्या वयाचीं मुलें वीस हजारांच्या घरांत जातात. म्हणजे ढोबळ मानानें दर अडीचशें मुलांमागें एकाला हें दार उघडें आहे. उरलेल्या दोनशें एकूणपन्नासांचें शिक्षण दुसरीकडेच व्हावयाचें आहे, आणि त्यांतील बहुतेकांचें तें गांवच्या, वस्तीच्या किंवा गल्लींतल्या शाळेंतच होणार.

आतां ती दुसरी शाळा पाहूं. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्या कायद्याखालील नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीच्या मुलांना घरापासून एक किलोमीटरच्या आंत शाळा मिळावी, अशी अपेक्षा आहे. ही शाळा कोणत्याही मुलाला नाकारूं शकत नाहीं. वर्ष अर्धें सरल्यावर मूल दाराशीं आलें तरी त्याला घ्यावेंच लागतें. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या आई-बापांबरोबर चार महिने बाहेर राहून आलेलें मूल तिचेंच, घरीं गोरमाटी बोलणारें व शाळेंत प्रथमच पुस्तकी मराठी ऐकणारें मूलही तिचेंच.

त्याच कायद्याप्रमाणें ज्या प्राथमिक शाळेंत मुलें साठपर्यंत असतील, तिला शिक्षक मिळतात दोन. इयत्ता मात्र पांच असतात. कायद्यानें या इयत्तांसाठीं वर्षाचे ८०० तास अध्यापन ठरविलें आहे. दोन शिक्षकांचा वेळ पांच इयत्तांत सारखा वांटला, तर एकेका इयत्तेच्या वांट्यास शिक्षकाचे ३२० तास येतात. उरलेल्या ४८० तासांत तीं मुलें पाटीवर उजळणी करीत असतात, किंवा शेजारच्या इयत्तेचा धडा ऐकत असतात. त्यांतच जनगणना आणि निवडणूक यांचीं कामें कायद्यानेंच शिक्षकांवर टाकलेलीं आहेत. चांगला शिक्षक या अडचणींतून वाट काढतो. मोठ्या मुलांस लहानांचा अभ्यास घेण्यास लावतो, दोन इयत्तांना एकच गोष्ट सांगून प्रश्न निराळे विचारतो. परंतु तो हें दोन हातांनीं पांच कामें करून साधत असतो, हें विसरूं नये.

दोन शाळांतील पहिला व सर्वांत मोठा फरक हा असा आहे. एक शाळा आपले विद्यार्थी निवडते. दुसरी, जो येईल त्याला आपला म्हणते. पुढें दहावीचा निकाल लागला कीं आपण दोहोंच्या टक्केवाऱ्या शेजारी-शेजारी मांडतों आणि एक शाळा चांगली व दुसरी वाईट असें ठरवून मोकळे होतों. वाशीमकडील कोणताही शेतकरी असा हिशेब करणार नाहीं. ओलिताच्या रानांत एकरीं किती सोयाबीन झालें आणि कोरडवाहू रानांत किती झालें, एवढ्यावरून तो एका शेतकऱ्याला शहाणा व दुसऱ्याला आळशी ठरवीत नाहीं. जमीन कशी होती, पाणी किती मिळालें, बियाणें कोणतें होतें, हें तो आधीं विचारतो. शाळेच्या बाबतींत मात्र हा साधा प्रश्न विचारण्याचें आपण विसरतों.

परदेशांतील कांहीं अभ्यासकांनीं हा प्रश्न नेटानें विचारला. अमेरिकेंत बॉस्टन व न्यूयॉर्क येथें परीक्षा घेऊन मुलें निवडणाऱ्या प्रतिष्ठित सरकारी शाळा आहेत. पुढें अर्थशास्त्राचें नोबेल मिळविणारे जोशुआ अँग्रिस्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथील मुलांचा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध केला. थोडक्या गुणांनीं आंत गेलेलीं व थोडक्या गुणांनीं बाहेर राहिलेलीं, अशा जवळजवळ सारख्या मुलांची त्यांनीं तुलना केली. पुढच्या परीक्षांतील गुणांत दोघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. शाळेच्या नांवाला चिकटलेलें तेज बऱ्याच अंशीं मुलांनींच बरोबर आणलेलें होतें.

आपल्या शेजारीं, आंध्र प्रदेशांतही, १८० गांवांत असा एक प्रयोग झाला. मुरलीधरन् व सुंदररामन् या संशोधकांनीं त्याचे निष्कर्ष २०१५ सालीं मांडले. तेथें सोडत काढून कांहीं गरीब मुलांना खाजगी शाळेंत शिकण्यासाठीं शिष्यवृत्ती दिली. चार वर्षांनंतर तेलुगु व गणित या विषयांत खाजगी शाळेंत गेलेलीं आणि सरकारी शाळेंत राहिलेलीं मुलें सारखींच ठरली. हिंदींत मात्र खाजगी शाळेंतलीं पुढें होतीं. खाजगी शाळांनीं हें सरकारी शाळेच्या एकतृतीयांशाहूनही कमी खर्चांत साधलें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तरी पण शाळा बदलली कीं मुलाची बुद्धि बदलते, अशा समजाला त्या प्रयोगानें आधार दिला नाहीं.

मग दोन शाळांत फरक मुळींच नाहीं काय? आहे, आणि तो खरा आहे. नवोदयांत प्रत्येक विषयाला शिक्षक आहे. ग्रंथालय आहे, संध्याकाळीं दिवा आहे, अभ्यासाची ठरलेली वेळ आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत कोणी मुलीला लहान भावंड सांभाळण्यासाठीं घरीं ठेवून घेत नाहीं. तूं पुढें शिकणारच, असें सगळे धरूनच चालतात. परंतु या यादींत अशी एकही गोष्ट नाहीं कीं जी निवडलेल्या मुलासाठींच राखून ठेवावी. शिक्षक, पुस्तक, दिवा, वेळ आणि विश्वास या पांचही गोष्टी तांड्यावरच्या शाळेंत नेतां येण्याजोग्या आहेत. त्या नेल्या जात नाहींत, याचें कारण दुसरीकडे शोधलें पाहिजे.

तें कारण कोठारी आयोगानें १९६६ सालींच सांगून ठेवलें आहे. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर भागांतले. खेड्यांतल्या शाळेची नाडी ओळखणारा माणूस. आयोगाचें म्हणणें असें होतें कीं, एका वस्तींतील सर्व मुलांनीं, त्यांची जात, धर्म वा मिळकत कांहींही असो, वस्तींतल्या एकाच शाळेंत जावें, आणि ही व्यवस्था वीस वर्षांत टप्प्याटप्प्यानें आणावी. यांत समतेइतकाच व्यवहारही होता. डॉक्टराचें, मामलेदाराचें आणि मजुराचें मूल एकाच बांकावर बसलें, तर त्या खोलीचें छप्पर फार दिवस गळत राहणार नाहीं. बरोबर वीस वर्षांनीं, १९८६ सालीं, देशानें निवडक मुलांसाठीं निवडक शाळा काढल्या. त्या अवश्य काढाव्या. पण सर्वांसाठींची ती पहिली गोष्ट राहूनच गेली.

२००९ च्या कायद्यानें तिचा थोडा अंश परत आणला. खाजगी विनाअनुदानित शाळांनीं पहिल्या वर्गांत शेंकडा २५ जागा दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या, असें त्यांत आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं महाराष्ट्र शासनानें नियम बदलून, ज्यांच्या एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे अशा खाजगी शाळांना यांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयानें तो बदल १९ जुलै २०२४ रोजीं रद्द ठरविला. गरिबाच्या मुलाला नांवाच्या शाळेचें दार उघडें राहिलें, हें उचितच झालें. परंतु उलट दिशेची वाट, म्हणजे सुशिक्षितांच्या मुलांनीं शेजारच्या शाळेंत येण्याची वाट, कोणत्याही कायद्यानें उघडलेली नाहीं. ती फक्त आपल्या मनांतून उघडते.

ज्यांना ती वाट धरतां येत नसेल, त्यांनाही करण्यासारखें पुष्कळ आहे. सरकारी व अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्या सभासदांत शेंकडा ७५ पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या, असा कायदा आहे. मजुरी बुडवून सभेस येणाऱ्या आईला शाळेच्या हिशेबाचा कागद समजावून देणारें कोणी हवें असतें. शेजारच्या शाळेंत आठवड्यांतून एक तास मुलांस मोठ्यानें वाचून दाखविणारें कोणी हवें असतें. आणि आपल्या मुलासाठीं शाळा पाहावयास गेलां, तर निकालाच्या फलकापुढें फार वेळ उभे राहूं नका. वर्गांत सर्वांत मागें पडलेल्या मुलाची वही मागून पाहा. जूनचें पान आणि फेब्रुवारीचें पान यांत जें अंतर दिसेल, तेवढीच त्या शाळेची खरी कमाई होय.

ज्यांचें नांव निवडीच्या यादींत नसतें, तीं मुलें दुसऱ्या दिवशीं आपल्या गांवच्या शाळेंत परत येऊन बसतात. दहाव्या वर्षीं आपण मागें पडलों, असें त्यांतील कितीएकांना वाटूं लागतें. त्यांच्या समोरच्या शिक्षकाला त्या दिवशीं धडा सुरू करण्यापूर्वीं हा समज दूर करावा लागतो. त्याला त्या कामीं आपण एकटें सोडावें कीं नाहीं, एवढेंच आपल्या हातीं आहे.