लग्नाची नोंद

अक्षता पडल्या, वऱ्हाड परतले. पण एक काम राहिले. लग्नाची नोंद! महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते. लग्नापासून ९० दिवसांच्या आत नवरा-बायकोने भाऊसाहेबांपुढे जावे. बरोबर तीन साक्षीदार न्यावेत. वयाचे दाखले आणि लग्नपत्रिका न्यावी. मुलगा २१ वर्षांचा, मुलगी १८ वर्षांची पुरी हवी. उशीर झाला तरी नोंद होते, फी मात्र जादा.

नोंद नाही म्हणून लग्न काही मोडत नाही. पण उद्या धनी गेला, तर 'हीच त्याची बायको' हे कचेरीत कशावरून ठरायचे? त्यात बाईचे माहेरी एक नाव, सासरी दुसरे. म्हणून सही करण्याआधी अर्जातली नावे स्वतः वाचा. आता वाचता येते ना? दाखल्याच्या दोन प्रती घ्या. एक सुनेच्या हाती द्या.