नकलेची मुदत

सिडकोच्या स्थापनेपासून, म्हणजे १९७० पासून, ज्या तालुक्यातील जमिनींचे धनी, सीमा आणि उपयोग सतत पालटत आले, त्या पनवेल तालुक्यातील माणसाला सातबाऱ्याची नक्कल आणि मूळ दफ्तर यांतील भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नक्कल खोटी नसते. ती दिली त्या दिवशी ती मुळाबरहुकूमच असते. परंतु ती घरी नेऊन ट्रंकेत ठेवल्यानंतर दफ्तरात फेरफार मंजूर झाला, तर त्याची वर्दी त्या ट्रंकेतील कागदाला कोण देणार? संगणकशास्त्रात 'कॅश' या नावाने जो प्रश्न प्रसिद्ध आहे, तो मूलतः एवढाच आहे.

मूळ माहितीचा साठा दूर आणि मंद असतो, म्हणून वारंवार लागणाऱ्या गोष्टींच्या नकला जवळच्या जलद स्मृतीत ठेवायच्या, ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एका लहानशा निबंधात मांडली आणि त्या स्मृतीला 'दास-स्मृती' म्हटले. पुढे आयबीएमच्या यंत्रांबरोबर 'कॅश' हा शब्द रूढ झाला. शब्द फ्रेंच, अर्थ दडवून ठेवणे, आणि उच्चार मात्र रोकडीचा. या साम्यामुळे आमच्या संगीतसंस्थेचे खजिनदार एका सायंकाळी कसे पांढरेफटक पडले, ते सांगण्यासारखे आहे.

झाले होते असे, की वासंतिक मैफलीची वेळ सहाऐवजी साडेपाच करण्यात आली आणि तशी दुरुस्ती संस्थेच्या संकेतस्थळावर रीतसर झाली. तरीही काही सभासदांना सहा दिसत, काहींना साडेपाच, आणि कित्येकांना तर एकाच फोनवर आळीपाळीने दोन्ही. संकेतस्थळाची व्यवस्था पाहणाऱ्या माझ्या भाच्याने कार्यकारिणीच्या बैठकीत शांतपणे निवेदन केले, "काका, कॅशमध्ये घोळ आहे," आणि खजिनदार ताडकन उठून उभे राहिले. त्यांना पाणी देऊन बसवल्यावर मगच तपासाला आरंभ झाला.

भाच्याने प्रथम काही दुरुस्त केले नाही, हे मला विशेष वाटले. 'सगळे पुसून पुन्हा सुरू करा' हा सल्ला अशा वेळी जो तो देतो. पण पुसल्याने लक्षण जाते आणि त्याबरोबर पुरावाही जातो. त्याने मला तेच पान वीस वेळा उघडून जुनी वेळ किती वेळा दिसते ते मोजायला सांगितले. सात वेळा दिसली. प्रत्येक उत्तराबरोबर पडद्याआड जो मजकूर येतो, त्यात वाटेतल्या एखाद्या साठ्यातून नक्कल आली असल्यास तिचे वय सेकंदांत लिहिलेले असते. तशी नोंद एकाही उत्तरात नव्हती. म्हणजे वाटेतला मध्यस्थ निर्दोष, आणि दोष मुक्कामावरच. आमचे संकेतस्थळ तीन सर्व्हर मिळून चालवीत होते आणि विसांत सात म्हणजे सुमारे एक तृतीयांश. तेव्हा तिघांपैकी एकजण जुनी वेळ सांगत होता, हे अनुमान त्याने सर्व्हरना हात लावण्यापूर्वीच केले. पुढे प्रत्येक उत्तरावर सर्व्हरचे नाव उमटेल अशी योजना केल्यावर ते खरे ठरले.

याचे कारण आमचे सर्व्हर ज्या क्लाउडवर होते, त्याच्या स्वभावात आहे. हा मेघ आकाशात नसतो. सर्व्हर-यंत्रांनी भरलेली एक अवाढव्य इमारत योट्टा कंपनीने २०२० साली पनवेलजवळच उघडली. तेथील यंत्रांची शक्ती भाड्याने मिळते आणि गर्दी वाढली की जादा सर्व्हर आपोआप कामावर हजर होतात, ओसरली की निरोप घेतात. आमच्या तिन्ही सर्व्हरनी आपापल्या स्मृतीत नकला ठेवल्या होत्या. दुरुस्तीची वर्दी दोघांना पोहोचली. तिसरा आदल्याच रात्री नव्याने रुजू झालेला असून त्याचे नाव वर्दीच्या यादीतच नव्हते. उपाय सरळ होता: प्रत्येकाचे खासगी टिपण बंद करून तिघांसाठी एक सामाईक साठा ठेवला. त्यासाठी रेडिस नावाची प्रणाली घेतली.

यानंतर आठवडाभर सर्व सुरळीत चालले; आणि मग एके दिवशी निवेदकाचे जुने नाव दुरुस्तीनंतरही अचल राहिले. हा दोष पहिल्याहून सूक्ष्म, म्हणून अधिक रंजक. कल्पना करा, की एक कारकून नक्कल करण्यासाठी मूळ पान वाचून बाजूला बसला आहे. तो लिहीत असतानाच दुसऱ्याने मूळ पानावर फेरफार नोंदवला आणि कर्तव्यदक्षतेने साऱ्या जुन्या नकला फाडून टाकल्या. क्षणभराने पहिल्याचे लेखन संपते आणि तो आपली जुनीच नक्कल रिकाम्या ट्रेमध्ये ठेवतो. दोघांनीही नियम पाळला, तरीही ट्रेमध्ये शिळा कागद, आणि आता तो फाडायला कोणी येणार नाही. असा प्रसंग क्वचितच घडतो, म्हणूनच तो तपासनीसाच्या डोळ्यांदेखत कधी घडत नाही.

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ साली आपल्या प्रचंड साठ्यांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात यावरचा तोडगा आहे. नक्कल नसल्याचे आढळताच साठा विचारणाऱ्याला एक क्रमांकित चिठ्ठी देतो. दरम्यान फेरफार झाला तर ती चिठ्ठी बाद होते, आणि बाद चिठ्ठी घेऊन आलेल्याची नक्कल स्वीकारली जात नाही. शिवाय एका वस्तूसाठी अशी चिठ्ठी दहा सेकंदांत एकदाच मिळत असल्याने नक्कल नाहीशी होताच सर्वांनी मूळ दफ्तरावर धाड घालण्याचा प्रकारही आटोक्यात येतो. त्यांच्या एका मोजमापात दफ्तरावरील कमाल भार सेकंदाला १७,००० प्रश्नांवरून १,३०० वर आला. भाच्याने हाच नियम आमच्या चिमुकल्या संस्थेसाठी लावला, आणि भरीस भर म्हणून प्रत्येक नकलेला पाच मिनिटांची मुदत घातली, ज्यायोगे नजरेतून निसटलेली चूकही सहाव्या मिनिटाला उरू नये.

मैफलीच्या दिवशी मी साडेपाचला पोहोचलो, तर माझ्या स्वतःच्या फोनात कार्यक्रमपत्रिकेचे चित्र सहाचीच वेळ दाखवीत होते. भाच्याने फोन हातात घेऊन पाहिला आणि तो ओशाळला. चित्रे फोनमध्येच जपून ठेवावीत, असा हुकूम पूर्वी त्यानेच दिला होता आणि त्याची मुदत लिहिली होती ३१५३६००० सेकंद. म्हणजे पुढल्या वर्षीच्या मैफलीपर्यंत. नवे चित्र त्याने जुन्याच नावाने चढवले होते. तंबोरे जुळत असताना कोपऱ्यात उभा राहून तो त्या चित्राचे नाव बदलत होता.