गंजलेली चाकी कशी सोडवावी?

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. ती भाजी बाजारात नेते. अडीनडीला आजारी माणसाला दवाखान्यातही नेते. एका पावसाळ्यानंतर तिचा सायलेन्सर फुटला. जुना काढायला आम्ही गाडीखाली शिरलो. दोन चाक्या निघाल्या. तिसरी वर अडचणीत होती, गंजाने घट्ट धरलेली. आम्ही पान्याला लोखंडी नळी अडकवली आणि जोर केला. कट्! बोल्टच तुटला. बोटे सोलली. दोन दिवस गाडी जागेवर. तोडलेली भाजी घरीच सुकली.

आमची चूक तुम्ही करू नये, म्हणून हे सांगतो.

चाकी अडकते का? लोखंडाला हवा व पाणी लागले की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये जागा मुळातच थोडी. तिथे गंज फुगतो आणि पाचर मारल्यासारखा बसतो. नुसता जोर केला तर बोल्ट पिळून तुटतो.

आधी जिवाची काळजी घ्या. गाडी सपाट जागी उभी करा. चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक निसटला तर माणूस दबतो. गाडीखाली लोखंडी घोडी लावा. विटा लावू नका, त्या फुटतात. सायलेन्सर गार होऊ द्या.

आता कामाला लागा.

१. बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घासा. चाकीला त्यांवरूनच यायचे असते.

२. गंज सोडवणारे तेल आट्यांवर सोडा. दुकानात ते मिळते. दोन-तीन वेळा सोडा आणि रात्रभर मुरू द्या. ब्रेकवर मात्र तेल पडू देऊ नका.

३. चाकीला हातोडीने हलके ठोके द्या. हादऱ्याने गंज तडकतो आणि तेल आत शिरते.

४. नेमक्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना घ्या. उघड्या तोंडाचा पाना चाकीचे कोपरे झिजवतो. हात पोचत नसेल तर गोटी पान्याला लांब दांडा जोडा. वाकडी वाट असेल तर मध्ये फिरता सांधा घाला.

५. चाकी आधी केसभर आवळा, मग सोडवा. थोडी सुटली की थोडी मागे फिरवा, पुन्हा तेल द्या. असे पुढे-मागे करत काढा. एक लक्षात ठेवा. काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. तिथे उलटी दिशा धरा.

एवढ्यानेही सुटली नाही, तर चाकी तापवावी लागते. तापली की ती फुगते आणि पकड ढिली होते. पण गाडीत पेट्रोल असते, चाकीवर तेल असते. आग लागेल. हे काम जाणत्या मिस्त्रीवरच सोपवा.

नवी चाकी बसवताना आट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस लावा. साधे ग्रीस सायलेन्सरवर जळून जाते. आम्ही तसे केले. पुढच्या खेपेला तीच चाकी बिनतक्रार निघाली.

शक्तीपेक्षा युक्ती बरी, हे खरेच. पण युक्तीला एक रात्र द्यावी लागते. काम उद्याचे असेल तर तेल आजच सोडा.