उलटी लावून बघितली का?

कागदोपत्री अहिल्यानगर झाले तरी बोलण्यात अजून नगरच असलेल्या आमच्या शहरात चार्ज न होणारा फोन घेऊन दुरुस्तीच्या टेबलाशी गेलात, तर जाणता कारागीर स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी विचारतो, "केबल उलटी लावून बघितली का?" यूएसबी-सी तर दोन्ही बाजूंनी बसते, मग उलटी-सुलटी कसली? पण निम्मे निदान या प्रश्नातच असते.

जुन्या चपट्या यूएसबीत 5 व्होल्ट कायम हजर असत. सी-पोर्टमध्ये तसे नाही. चार्जर भिंतीला लावला तरी वीजवाहक पिनांवर आधी काहीच नसते. सीसी-1 आणि सीसी-2 नावाच्या दोन बारीक वाटा असतात. फोनच्या बाजूने त्या प्रत्येकीवर 5.1 किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला असतो. तो दिसला की चार्जर 5 व्होल्ट सोडतो. पुढची बोलणी त्याच बारीक वाटेवरून, सेकंदाला सुमारे 3 लाख बिटांच्या वेगाने होतात, आणि मग 9, 15, 20 व्होल्ट मिळतात. यूएसबी पॉवर डिलिव्हरीच्या 2021 च्या आवृत्तीत ही मजल 48 व्होल्ट आणि 240 वॉटपर्यंत गेली. केबलमध्ये सीसीची तार मात्र एकच. सुलटी लावली तर ती एका वाटेला भिडते, उलटी लावली तर दुसऱ्या. म्हणून एकाच बाजूने चार्जिंग होत असेल, तर बिघाड कोणत्या वाटेवर शोधायचा ते कळलेच.

ही वाट जळते ती शेजारामुळे. पोर्टमध्ये 24 पिना, दोन पिनांच्या मध्यांमधले अंतर अर्धा मिलिमीटर, आणि सीसीच्या अगदी शेजारी वीजवाहक पिन. खिशातला धागा, घामाचा ओलावा किंवा चालू चार्जिंगमध्ये तिरका ओढलेला प्लग, एवढ्याने 20 व्होल्ट त्या नाजूक वाटेवर उतरतात. म्हणून संरक्षण वेगवेगळे लागते. वीजवाहक पिनेवरचा टीव्हीएस डायोड 20 व्होल्ट शांतपणे चालू देतो आणि त्यावरचा झटका गिळतो. तोच सीसीवर बसवून भागत नाही. तो जागा होईपर्यंत आतली आयसी मेलेली असते. शिवाय असा डायोड बराच चार्ज साठवतो, आणि सीसीवर 200 ते 600 पिकोफॅरॅडपलीकडे गेले की बोलणी विस्कटतात. तिथे व्होल्टेज वाढताच वाट तोडणारा, प्रत्येक वाटेचा स्वतंत्र रक्षक हवा.

नगर जिल्ह्यात हे कुणाला फार समजावून सांगावे लागू नये. विहिरीवरच्या मोटारीचा एक फेज गेला आणि मोटार जळाली, हे इथल्या शेतकऱ्याने सोसलेले आहे. एक फेज गेला की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर कशासाठी असतो ते तो जाणतो. लार्सन अँड टुब्रोने स्विचगियरचा कारखाना याच शहराच्या एमआयडीसीत चालवला. 2020 मध्ये तो व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. तिन्ही फेजवर वेगवेगळी नजर ठेवायची, ही शिकवण इथल्या किती घरांत पगाराबरोबर आली असेल.

मोठ्यांचेही या सीसी वाटांवर चुकते. जून 2019 मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकात दोन्ही सीसी वाटा एकाच रेझिस्टरला जोडल्या होत्या. साध्या केबलवर तो चालायचा. आत ओळखचिप असलेली भारी केबल लावली, की चार्जरला तो हेडफोनचा जोड वाटायचा आणि वीज मिळत नसे. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक वाटेला तिचा रेझिस्टर मिळाला.

टेबलावरचा आणखी एक फसवा रोग: बॅटरी पूर्ण उतरली की सी-टू-सी केबलवर फोन उठतच नाही, जुन्या यूएसबीच्या केबलवर उठतो. वीज नसताना रक्षकाने वाट बंद ठेवलेली असते. त्याच्या अलीकडे वेगळा 5.1 किलोओहम नसेल किंवा तो तुटला असेल, तर चार्जरला कुणी दिसतच नाही. मल्टिमीटर डायोड मोडवर, लाल प्रोब ग्राउंडला, काळा आधी सीसी-1 ला आणि मग सीसी-2 ला: दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एकीकडे शून्य आले तर शॉर्ट, ओएल आले तर वाट तुटलेली. वीजवाहक लाइन शॉर्ट असेल तर बोर्डावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) शिंपडून बेताच्या करंटवर 1 व्होल्ट सोडतात. जिथे आधी वाळते, तिथे दोषी.

काही जण अडलेला रक्षक काढून जंपर मारतात. चार्जिंग सुरू होते, गिऱ्हाईक खूश होते, आणि पुढचा फटका थेट मुख्य आयसीवर बसतो. हे काम मला मान्य नाही, निदान गिऱ्हाइकाला न सांगता तरी नाहीच.

माझ्या लॅपटॉपला सुलट्या केबलवर 20 व्होल्ट मिळत होते, उलट्यावर काहीच नाही. सीसी-2 चा आकडा शून्य. हॉट एअरने रक्षक आयसी उतरवली, शॉर्ट गेला. तिथे नवी बसवली. मीटरवर 5 आले, क्षणभराने 20. कारागिराने प्लग काढला, उलटा केला, पुन्हा लावला. 5. मग 20.