जुनी फियाट घेताय? आधी पत्रा बघा!

इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला मुंबईतली जुनी फियाट खुणावते, यात नवल ते काय? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ती! पण इंजिनावर भाळू नका. ते उघडून दुरुस्त होते. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, सारा भार पत्र्यावरच. म्हणून मॅट उचलून तळ पाहा, दारांच्या खालच्या कडा चाचपा. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक चिकटत नसेल, तर रंगाखाली पुट्टीच समजावी. आरसी बुकातले नंबर गाडीवर जुळेपर्यंत इसार देऊ नका. मुंबईच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र नसेल, तर कर्नाटकात नोंदणी अडते. मूळ रूपातल्या, ५० वर्षांवरील गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मात्र ती रोज ऑफिसला नेता येत नाही.